खाण अवलंबित

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात २०१२ पासून एक शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचतच नाही. खाण अवलंबित. वर्तमानपत्रात तो येतो, विधानसभेत येतो, मदतीच्या अर्जावर आणि मोर्चाच्या फलकावर येतो. ट्रकमालक खाण अवलंबित, बार्जवरचा खलाशी खाण अवलंबित, टायरचं पंक्चर काढणारा आणि पहाटे चारला ड्रायव्हरांसाठी चहाचं आधण ठेवणारी बाईही खाण अवलंबित. माझ्या काकांचं नाव अशाच एका यादीत होतं. आजोबांचं नाव दुसऱ्या यादीत होतं. ते कूळ होते.

दोन याद्यांमध्ये फक्त एका पिढीचं अंतर आहे. एवढ्या काळात शेतकऱ्यांचा अख्खा पट्टा अवलंबित कसा झाला, आणि त्या यादीतून त्याला बाहेर काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल मला बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. खाण सुरू करा की बंद ठेवा, या एकाच भांडणात आपण इतकी वर्षं घालवली. पण खाण नीट बंद करणं हेही काम आहे. पोकलेनचं, ट्रकचं, मजुरी मोजून करायचं काम. ते काम काढा, आणि ज्यांना अवलंबित म्हणता त्यांच्या हातात पहिल्यांदा द्या.

हे का म्हणतो ते समजायला आमच्या डोंगरांपासून सुरुवात करावी लागेल.

बाहेरच्या माणसाला गोव्याचा डोंगर म्हणजे वर जांभा दगड आणि करवंदीच्या जाळ्या एवढंच दिसतं. त्या जांभ्याखाली लोह खनिज आहे, आणि त्यातलं बरंचसं भुसभुशीत, भुकटीसारखं आहे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो आणि याच भुकटीत साठून राहतो. म्हणजे ज्या थरात खनिज, त्याच थरात पाणी. पावसाळा संपला की हे पाणी डोंगराच्या पायथ्याशी झरीतून हळूहळू बाहेर येतं, आणि त्याच्यावर आमची वायंगण शेती उभी होती. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की झरीच्या पाटावर दुसरं पीक. नोव्हेंबरात पेरणी, मार्च-एप्रिलात कापणी. विजेचा पंप नाही, धरण नाही. डोंगर हीच टाकी.

ती टाकी फोडली की काय होतं हे शिरगावने सगळ्यांआधी पाहिलं. लईराई देवीचं हे गाव. जत्रेला येणारे हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, इथल्या विहिरी-तळ्यांवर आंघोळी करतात, मग रात्री निखाऱ्यांवरून चालतात. या गावाच्या तिन्ही अंगांना खाणी आल्या. खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. खड्ड्यात पाणी भरलं तर खणता येत नाही, म्हणून ते रात्रंदिवस पंपाने उपसलं गेलं. हे पाणी म्हणजे विहिरींचंच पाणी होतं. विहिरी आटल्या, शेतात गाळ आला, गाव उच्च न्यायालयात गेलं. ज्या गावाची देवी पाण्याशिवाय पुजली जात नाही, तिथे लोक टँकरची वाट बघत उभे राहिले.

आता मागे जाऊन ही खाण कशी आली ते पाहू. पोर्तुगीज राजवटीने १९०६च्या कायद्याखाली खाणींची कन्सेशन्स वाटली. त्यांना मुदत नव्हती. डोंगर एकदा दिला की दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने पोलाद कारखाने नव्याने उभे केले, त्यांना खनिज हवं होतं, आणि १९५०च्या दशकात गोव्याचे डोंगर बार्जमध्ये भरून मांडवी-जुवारीतून मुरगावला जाऊ लागले. नदी आयतीच होती. पावसाळ्यात मांडवीचं मुख वाळूने अडलं की बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत शिरत. खाणीपासून जेटीपर्यंत जेमतेम काही किलोमीटरचा रस्ता, पुढे सगळा पाण्याचा. जगात फार थोड्या खाणपट्ट्यांना इतकी स्वस्त वाहतूक मिळाली असेल. हलक्या प्रतीचं खनिज असूनही गोवा टिकला तो या नद्यांमुळे.

१९६१ला गोवा मुक्त झाला. कन्सेशन्स मात्र तशीच राहिली. १९८७मध्ये केंद्राने कायदा करून ती रद्द केली आणि त्यांचं लीजमध्ये रूपांतर केलं, तेही मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. या मधल्या काळातली एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवावी. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. गावोगाव मराठी शाळा काढणारे तेच, आणि १९६४चा कूळ कायदा आणणारं सरकारही त्यांचंच. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, १९७६मध्ये, कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली आणि कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आमच्या घरात आजोबांच्या नावचा कागद देवाच्या फोटोमागे ठेवलेला असायचा. ज्या शेतासाठी पिढ्यांनी भाटकाराला खंड दिला, ते शेत हक्काने हातात आलं आणि थोड्याच वर्षांत त्यावर खाणीचा तांबडा गाळ बसू लागला. जमीन कायद्याने मिळाली, पण ज्या पाण्यावर ती पिकायची त्याचा कागद कुणाच्याच नावावर नव्हता. कूळ कायद्यात डोंगराची झर कुठेच लिहिलेली नाही. माझ्या मते आमच्या साऱ्या दुःखाचं मूळ इथे आहे, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं आहे.

जपानचं नाव निघालं म्हणून एक दुसरी जागा आठवते. नागासाकीजवळच्या समुद्रात हाशिमा नावाचं एक बेट आहे. जेमतेम सव्वासहा हेक्टरचं. १८९०मध्ये मित्सुबिशीने ते विकत घेतलं आणि समुद्राच्या तळाखालचा कोळसा काढायला तिथे गाव वसवलं. १९१६मध्ये तिथे काँक्रीटची बहुमजली चाळ उभी राहिली, जपानमधल्या अशा पहिल्या इमारतींपैकी एक. शाळा, इस्पितळ, देऊळ, दुकानं, सगळं कंपनीचं. युद्धकाळात कोरियन आणि चिनी माणसांना तिथे जबरदस्तीने राबवलं, तेही त्याच बेटावर. १९५९ला एवढ्याशा खडकावर पाच हजारांहून जास्त माणसं राहत होती. मग जपानने कोळसा सोडून तेल धरलं. जानेवारी १९७४मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलमध्ये शेवटचा माणूस बोटीत बसून निघून गेला. तीन महिन्यांत गाव संपलं.

हाशिमाचा कोळसा पोलादाच्या भट्टीसाठी निघायचा आणि आमचं खनिजही जपानच्या भट्ट्यांसाठीच. एका बाजूने इंधन, दुसऱ्या बाजूने लोखंड. कोळशाचं गाव आणि लोखंडाचा डोंगर एकमेकांना न बघता एकाच उद्योगाला पोसत होते. पण दोन्ही ठिकाणची माणसं खाणीशी बांधली गेली ती वेगवेगळ्या तऱ्हेने.

कोळशाच्या कंपनीगावात कंपनी घर देते, नळ देते, शाळा देते. माणूस पुरता तिच्या मुठीत असतो, हे खरं. पण खाण बंद झाली तर बोट कुणाकडे दाखवायचं हे त्याला ठाऊक असतं. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१मध्ये बंद झाल्या तेव्हा क्वार्टर्स कुणाच्या, देणी कुणाची, इस्पितळाचं काय, हे प्रश्न निदान एका कंपनीच्या दारात उभे करता आले. गोव्यात कंपनीने गाव वसवलंच नाही. गावं आधीपासून होती. पाळी, वेळगे, सुर्ला, कुडणे, नावेली, मये, पिसुर्ले, तिकडे दक्षिणेत कोडली, रिवण. देवळं होती, बांध होते, कुळागरं होती. कंपनीने खणण्याचं काम आपल्याकडे ठेवलं आणि वाहून नेण्याचं काम गावाला दिलं. ट्रक तुझा, कर्ज तुझं, ड्रायव्हर तुझा, डिझेल तुझं. आम्ही ट्रिपेमागे पैसे देऊ.

गावाला हे आवडलं. का आवडू नये? चाकरीपेक्षा मालकी बरी. कुळाचा मुलगा ट्रकमालक झाला. खाणमालकाला सलाम न करता त्याच्याशी दराची बोलणी करू लागला, संघटना बांधली, रस्ता अडवण्याची ताकद कमावली. यातून आलेला आत्मविश्वास मी माझ्या घरात पाहिला आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. पण या सौद्यात सगळी जोखीम गावाकडे आली आणि ती कुणी मोजलीच नाही. कंपनीच्या वहीत आमच्या ट्रकचं कर्ज नव्हतं, आटलेली विहीर नव्हती, गाळाखालचं शेत नव्हतं. कंपनीगावाचे सगळे धोके आम्ही घेतले आणि कंपनी मात्र आमच्या गावात राहायला कधी आलीच नाही.

चीनने दार उघडलं आणि वेग वाढला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आगेमागे चिनी कारखान्यांना मिळेल ते खनिज हवं होतं. पूर्वी टाकाऊ म्हणून डोंगरासारखं रचून ठेवलेलं हलक्या प्रतीचं खनिजही विकलं जाऊ लागलं. २०१०-११च्या सुमारास गोव्याची निर्यात वर्षाला साडेचार-पाच कोटी टनांच्या घरात गेली. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ही माती कुठे गेली असेल याचा अंदाज वाचकाने करावा.

ते दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहेत. साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सहापासून टिप्परची रांग लागे. ताडपत्री अर्धीच बांधलेली, कारण पुरती बांधायला वेळ लागतो आणि एक ट्रिप हुकते. आई कपडे वाळत घालताना दोरी आधी ओल्या फडक्याने पुसायची. तुळशीची पानं दोन्ही बाजूंनी तांबडी असायची. मुलं शाळेत निघाली की मोठ्या माणसाने रस्ता ओलांडून द्यायचा, हा नियम होता आणि तो मोडला म्हणून आमच्या ओळखीच्या घरांत माणसं गेली. काका मात्र खूश होते. त्यांच्या दहा टनी ट्रकच्या काचेवर देवाचं नाव होतं, आणि रात्री जेवताना ते दिवसाचा हिशेब मोठ्याने करत. आज पाच ट्रिपा. आज सहा. जेटीवर गर्दी होती, चारच. आमच्या घरात तेव्हा सगळं ट्रिपांत मोजलं जाई. माझ्या कॉलेजची फी म्हणजे अमुक ट्रिपा, आजीचा चष्मा म्हणजे तमुक. ज्या ट्रकने धूळ उडवली त्यानेच मला शिकवलं. म्हणून ट्रकवाल्यांना शिव्या घालणाऱ्या पणजीच्या लोकांशी माझं कधी जमलं नाही.

मग सप्टेंबर २०१२ आला. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. त्यात गोव्यातल्या बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज होता. काही दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरात गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सगळी लीजं २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती. म्हणजे चीनच्या भराच्या काळात जे खणलं गेलं, ते मुदत संपलेल्या लीजांवर खणलं गेलं. त्याच निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली, लीजबाहेर माती टाकायला मनाई झाली, आणि विक्रीच्या दहा टक्के रकमेचा गोवा लोह खनिज कायम निधी उभारायचा आदेश आला. राज्याने तरीही ८८ लीजांचं नूतनीकरण केलं. ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने तेही रद्द केलं, आणि १५ मार्चनंतर पोकलेन पुन्हा थंड झाले.

काकांचा ट्रक मागच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली उभा राहिला. पहिल्या वर्षी ते दर रविवारी इंजिन सुरू करून बघायचे. दुसऱ्या वर्षी बॅटरी काढून घरात ठेवली. हप्ते थकले, बँकेची नोटीस आली, सरकारची थोडी मदत आली, २०१५च्या अखेरीस पुन्हा थोड्या ट्रिपा मिळाल्या, पुन्हा थांबल्या. पावसाच्या पाण्याने हौद्याला भोकं पडली. २०१९मध्ये भंगारवाला आला आणि गॅस कटरने त्याने तो ट्रक आमच्याच अंगणात कापला. काका घरात बसून राहिले.

दुःखाची ही बाजू खरी आहे, आणि तिच्याच जोरावर गेली कित्येक वर्षं एकच मागणी पुढे रेटली गेली: खाणी सुरू करा. प्रत्येक पक्षाने ती केली, दिल्लीला शिष्टमंडळं नेली. पण २०१७च्या एप्रिलमध्ये, खाणी थोड्या काळापुरत्या सुरू असताना, सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले तेव्हा काय झालं? पंचेचाळीस जणांना अटक झाली. तेही खाणीच्याच पट्ट्यातले लोक होते. खाण बंद झाल्यामुळे हाल होणारा माणूस अवलंबित, आणि खाण चालू असल्यामुळे हाल होणारा माणूस आरोपी. दोघे एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरातले, आणि सरकारी शब्दकोशात जागा फक्त पहिल्याला. हा अन्याय आहे, आणि तो शब्दापासून सुरू होतो.

आता खाणपट्ट्यांचे ब्लॉक पाडून त्यांचे लिलाव झाले आहेत. २०२२च्या अखेरीस पहिले ब्लॉक गेले आणि २०२४मध्ये डिचोलीत प्रत्यक्ष उत्खनन सुरू झालं. आपली घरं, देवळं, शेतं लीजच्या हद्दीत आली म्हणून मुळगावचे लोक लढत आहेत. हद्द आखून ती वगळा, एवढीच त्यांची मागणी. वस्तीचा आणि पाण्याचा नकाशा आधी करायचा आणि मग ब्लॉक पाडायचा, हा साधा क्रम उलटा झाला आहे. कोणत्याही ब्लॉकमध्ये पहिली फावडी पडण्याआधी गावातल्या प्रत्येक विहिरीची आणि झरीची पातळी लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली पाहिजे. पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

पैशांचंही बघू. लोह खनिजावर रॉयल्टी पंधरा टक्के. लिलावातून दिलेल्या लीजांना रॉयल्टीच्या दहा टक्के जिल्हा खनिज निधीत भरावे लागतात. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे दीड रुपया. जुन्या लीजांसाठी हा दर रॉयल्टीच्या तीस टक्के होता, साडेचार रुपये. लिलावाचा प्रीमियम राज्याच्या तिजोरीत जातो, तो मोठा आहे आणि तो मिळतो हे चांगलंच झालं, पूर्वी तोही मिळत नव्हता. पण ज्या गावाची विहीर जाते त्याच्या नावाने बाजूला पडतो तो हा दीड रुपया. तो पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण यांवर आधी खर्च व्हावा असं नियम सांगतात. किती जमला आणि किती खर्च झाला, हे प्रत्येक ग्रामसभेत आकड्यांसह मागा.

याहून गंभीर गोष्ट खाण बंद करण्याच्या तरतुदीची आहे. खनिज संवर्धन आणि विकास नियमावलीप्रमाणे प्रत्येक लीजधारकाला बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी आर्थिक हमी ठेवावी लागते. २०१७च्या नियमावलीत ही हमी मोठ्या यांत्रिक खाणींना हेक्टरी ३ लाख रुपये होती. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तिथे पन्नास मीटर खोल खड्डा असेल तर तो पाच लाख घनमीटरचा झाला. म्हणजे घनमीटरमागे साठ पैसे. आमच्या दहा टनी ट्रकमध्ये पाच-सहा घनमीटर माती बसते. एका ट्रिपेला तीन-साडेतीन रुपये! काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, डिझेलचा वाससुद्धा येत नाही तेवढ्यात." ही हमी पुढे वाढवली गेली, पण दुप्पट काय, चौपट केली तरी या हिशेबात फरक पडत नाही. खणायला काढताना खड्डा बुजवण्याचा खर्च कुणी धरलेलाच नव्हता.

म्हणून म्हणतो, बंद करण्याचं काम हाच आमच्या पट्ट्याचा पुढचा धंदा मानला पाहिजे. त्या कामाची यादी लहान नाही. पायथ्याशी सरकत येणारे मातीचे ढीग टप्पे करून बसवायचे, त्यांवर इथलीच झाडं लावायची, एकट्या अकेशियाचं रान नाही. ढिगांच्या पायाशी बांध आणि गाळ अडवणारे खड्डे हवेत. ओहोळ मोकळे करायचे. शेतांतला गाळ काढून तो त्याच खड्ड्यांत न्यायचा. आणि खड्ड्यांचं पाणी. पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या खड्ड्यांखालच्या गावांना रात्री झोप लागत नाही, आणि त्याच खड्ड्यांतलं पाणी उन्हाळ्यात पंपाने नदीत सोडून पाणीपुरवठ्याला हातभार लावला गेला आहे. म्हणजे तो धोकाही आहे आणि टाकीही आहे. कुठला खड्डा बुजवायचा आणि कुठला बांधून काढून तलाव म्हणून ठेवायचा, हे ठरवायला भूजलाचे जाणकार लागतील, पण त्यांच्याबरोबर तिथे वीस वर्षं पोकलेन चालवलेला ऑपरेटरही बसला पाहिजे. खड्ड्यात झरे कुठून फुटतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

पैसे कुणाचे? आधी ज्यांनी २००७ ते २०१२ या काळात मुदत संपलेल्या लीजांवर खणलं त्यांच्याकडून वसुली, आणि ती वसुली वर्षानुवर्षं रखडणं हा सरकारांचा दोष आहे. मग जिल्हा खनिज निधी. कायम निधीबद्दल माझे काही मित्र सांगतात की त्याच्या मुद्दलाला हात लावू नये, खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही मालमत्ता आहे आणि तिचं रोख रूपांतर त्यांच्यासाठी जपलं पाहिजे. हे मला मान्य आहे. मुद्दल राहू दे. व्याज मात्र याच पट्ट्यात पाण्यासाठी वापरावं. पुढच्या पिढीला बँकेतल्या ठेवीबरोबर चालती झर मिळाली तरच तो वारसा.

दुसरा आक्षेप ट्रकवाल्यांचा आहे आणि तो मी रोज ऐकतो. दुरुस्तीच्या कामाने किती ट्रक चालतील? पूर्वीइतके नक्कीच नाहीत. पण चीनच्या भरातले सगळे ट्रक परत चालतील हे ज्यांनी कबूल केलं ते खोटं बोलले. दोन कोटी टनांची मर्यादा न्यायालयाची आहे. ती चीनच्या भरातल्या निर्यातीच्या अर्ध्याहूनही कमी आहे. खाण उद्या पूर्ण ताकदीने सुरू झाली तरी अर्धे ट्रक अंगणातच राहणार. त्या अर्ध्यांना काय सांगायचं, हे आज कुणीच बोलत नाही. शिवाय डोंगरातलं खनिज केव्हातरी संपणारच आहे.

जाता जाता मुरगावचं. ज्या बंदरातून आमचे डोंगर गेले तिथे आज बाहेरून कोळसा उतरतो आणि रेल्वेने सावर्डे-कुळेमार्गे घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. बंदरालगतच्या वास्कोच्या घरांत काळी भुकटी बसते. याच कोळशासाठी रूळ दुहेरी करताहेत म्हणून २०२०मध्ये, याच मार्गावरच्या चांदरला, लोक रात्रभर रुळांवर बसले. त्या आंदोलनात आमच्या खाणपट्ट्यातली माणसं फारशी नव्हती, आणि आमच्या विहिरींसाठी वास्कोचे लोक फारसे आले नव्हते. तांबडी धूळ आणि काळी धूळ यांची अजून ओळख झालेली नाही. ती व्हायला हवी.

गेल्या डिसेंबरात आम्ही सात-आठ जण एका रविवारी आमच्या जुन्या शेताकडे गेलो. पाट कुठे होता ते कुणालाच धड आठवत नव्हतं. काकांनी आंब्याच्या झाडापासून पावलं मोजली आणि एका जागी थांबले. तिथे फावडं घातलं. वर दीड हात तांबडा गाळ, उन्हाने विटेसारखा घट्ट. सकाळभर खणून आठ-दहा मीटरचा तुकडा मोकळा झाला. गाळाच्या खाली काळी माती लागली, ओली. पाणी आलं असं मी म्हणणार नाही, फक्त ओल होती. काकांनी ती मूठभर घेतली, दाबली, वास घेतला. मग उठून बांधावर गेले आणि कमरेवर हात ठेवून शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत.

"पाचशे," ते म्हणाले.

"पाचशे काय, काका?"

"ट्रिपा. गाळ काढायचा झाला तर. एक पोकलेन, चार ट्रक, महिन्याभरात शेत मोकळं." आणि लगेच, "ऑपरेटर मी देतो. वेळग्याचा एक आहे, घरीच बसलाय."